आधी नावं, मग उमेदवार: शिकागो १९८२-८३ चं एक प्रकरण

१९८२ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या साउथ साइडमधली, म्हणजे ब्लॅक वस्तीच्या दक्षिण भागातली, बरीच मंडळी हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या मागे लागली होती की तुम्ही महापौरपदाला उभे राहा, आणि ते काही केल्या हो म्हणत नव्हते. वय साठ, नुकतेच अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेले, तिथे मन रमलेलं. शिवाय १९७७ चा अनुभव ताजा होता, तेव्हा ते महापौरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, उभे राहिले आणि जेमतेम ११ टक्के मतं मिळाली. म्हणून त्यांनी अट घातली की आधी ५०,००० नवीन मतदार नोंदवून दाखवा, प्रचाराला पैसे उभे करा, मग बोलू.

म्हणजे उमेदवार नाही, पक्षाचा पाठिंबा नाही, चिन्ह-झेंडा काही नाही, आणि तरी नोंदणी करायची. काही महिन्यांत झाली किती, तर लाखाच्या वर. एप्रिल १९८३ मध्ये वॉशिंग्टन शिकागोचे पहिले ब्लॅक महापौर झाले. ही गोष्ट बहुतेक वेळा त्यांच्या वक्तृत्वापासून सांगायला घेतात, आणि ते वक्ते होतेच जबरदस्त, पण मला वाटतं खरं शिकण्यासारखं आहे ते त्याआधीच्या महिन्यांत, म्हणून या लेखात मी जास्त वेळ तिथेच थांबणार आहे.

आधी शहर समजून घेऊ. १९८० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास, त्यात सुमारे ४० टक्के ब्लॅक. यातल्या बहुतेकांचे आईवडील नाहीतर आजीआजोबा मिसिसिपी, आर्कान्सा, अलाबामा अशा दक्षिणेतल्या राज्यांमधून रेल्वेने आलेले. तिकडे मत द्यायला गेलं तर वाचनाची परीक्षा, टॅक्स, धमक्या, आणि त्याच्याही पुढे जाऊन जीव जायची भीती. शिकागोत असं काही नव्हतं, इथे मत देता येत होतं, साउथ साइडने १९२८ मध्येच ऑस्कर डी प्रीस्ट या ब्लॅक नेत्याला काँग्रेसमध्ये पाठवलं होतं. मग प्रश्न पडतो की कायद्याने कुणी अडवत नाही, संख्या एवढी मोठी, तरी शहराच्या कारभारात वजन का नाही?

याचं उत्तर म्हणजे तिथे सगळे ज्याला ‘मशीन’ म्हणायचे ती डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा. रिचर्ड जे. डेली १९५५ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत महापौर होते आणि पक्षाची सूत्रंही त्यांच्याच हातात. शहराचे ५० वॉर्ड, वॉर्डात प्रेसिंक्ट म्हणजे चारदोन गल्ल्यांचा तुकडा, आणि प्रत्येक प्रेसिंक्टला एक कॅप्टन. कचरा उचलला नाही, सरकारी घर हवंय, पोराला नोकरी लावायचीय, जा कॅप्टनकडे. तो कॅप्टन स्वतःही बहुतेक वेळा महापालिकेत वशिल्याने लागलेला, त्यामुळे आपल्या गल्लीतून ठरलेली मतं आली नाहीत तर त्याचीच नोकरी धोक्यात. ब्लॅक वॉर्डांमध्येही हीच व्यवस्था होती, कॅप्टन ब्लॅक, वॉर्डाचा प्रमुख बऱ्याच ठिकाणी ब्लॅक, पण निर्णय सिटी हॉलमध्ये व्हायचे.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मशीनला जास्त मतदार नकोच होते. त्यांना मोजकी, ओळखीची, हाताखालची मतं हवी होती. अनोळखी माणूस यादीत आला की तो कुणाला मत देईल हे सांगता येत नाही, मग कशाला आणायचा? त्यामुळे ‘ब्लॅक लोक मतदानाबाबत उदासीन आहेत’ असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं ते मला पटत नाही, ज्या माणसाला यादीत घ्यायला कुणी कधी दारात आलंच नाही त्याला उदासीन कसं म्हणायचं.

आपल्या वाचकांसाठी एक फरक सांगतो. आपल्याकडे यादी करणं ही निवडणूक आयोगाची जबाबदारी, बीएलओ घरी येतात किंवा निदान यायला हवेत. अमेरिकेत नोंदणी ही ज्याची त्याने करायची गोष्ट होती. शिकागोत तेव्हा त्यासाठी मुख्यतः डाउनटाउनला सिटी हॉलमध्ये जावं लागायचं, नाहीतर निवडणुकीआधी वस्तीत नोंदणीचा ठरावीक दिवस असायचा तो गाठायचा. ज्या बाईचं घर रॉबर्ट टेलर होम्स या उंच सरकारी इमारतींच्या वसाहतीत चौदाव्या मजल्यावर आहे, तिन्ही मुलं लहान आहेत, तिने बसचे पैसे खर्चून कामाच्या दिवशी डाउनटाउनला जायचं आणि ते कशासाठी, तर दोन्ही बाजूंनी आपल्याला न विचारता ठरलेल्या उमेदवाराला मत द्यायला. नाही गेली तर यात नवल काय. वर सरकारी घरांत राहणाऱ्यांना अशी धास्तीही असायची की कॅप्टनच्या मनाविरुद्ध काही केलं तर घर जाईल.

राग मात्र साठत चालला होता. १९६३ मध्ये शाळांमधल्या भेदभावाविरुद्ध दोन लाखांवर मुलं एका दिवशी शाळेतच गेली नाहीत. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग लॉनडेलमध्ये भाड्याच्या घरात येऊन राहिले, घरांच्या प्रश्नावर मोर्चे निघाले, हाती फारसं लागलं नाही. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलिसांनी ब्लॅक पँथर पक्षाचा २१ वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. (ज्या पँथर्सवरून आपल्या मुंबईतल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर नाव घेतलं तेच हे.) ती धाड ज्याच्या ऑफिसने घातली तो सरकारी वकील एडवर्ड हॅन्राहन, मशीनचाच माणूस. १९७२ मध्ये तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा ब्लॅक मतदारांनी बाकी सगळीकडे डेमोक्रॅटिक आणि या एका जागेवर रिपब्लिकन असं मत देऊन त्याला पाडलं. हे फार लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मशीनच्या राज्यात तिकीट फोडून मत द्यायचं म्हणजे मतपत्रिका नीट समजून, कॅप्टनने सांगितलेलं बाजूला ठेवून दिलेलं मत. लोकांना राजकारण कळत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी १९७२ आठवावं.

मग १९७९. जानेवारीत प्रचंड बर्फ पडला, शहर ठप्प झालं, आणि तेव्हाचे महापौर मायकेल बिलँडिक यांच्या काळात उपनगरातून येणाऱ्या गाड्या लवकर पोचाव्यात म्हणून ट्रेन मधल्या स्टेशनांवर न थांबता जायला लागल्या, आणि ही मधली स्टेशनं होती ब्लॅक वस्त्यांची. माणसं प्लॅटफॉर्मवर कडाक्याच्या थंडीत उभी आणि समोरून गाडी निघून जातेय. पुढच्याच महिन्यात प्रायमरी होती, बिलँडिक पडले, जेन बर्न निवडून आल्या, त्यात ब्लॅक मतांचा वाटा मोठा होता.

बर्नबाईंकडून अपेक्षा होत्या म्हणूनच पुढचं जास्त लागलं. शाळांच्या बोर्डावरचे दोन ब्लॅक सदस्य काढून त्यांनी दोन गोऱ्या बायका नेमल्या. १९८२ च्या उन्हाळ्यात सरकारी घरांच्या बोर्डावर, म्हणजे ज्या घरांमध्ये बहुसंख्य भाडेकरू ब्लॅक आहेत त्या बोर्डावर, गोरे सदस्य वाढवून ब्लॅक बहुमत घालवलं. हा शेवटचा धक्का. नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन आणि त्यांची संघटना ऑपरेशन पुश यांनी शहराच्या मोठ्या संगीत उत्सवावर, शिकागोफेस्टवर, बहिष्काराची हाक दिली. प्रसिद्ध ब्लॅक गायक स्टीव्ही वंडर यांचा कार्यक्रम ठरलेला होता, त्यांनी रद्द केला. बहिष्कार यशस्वी झाला, आणि त्या ऑगस्टमध्ये लोकांना पहिल्यांदा जाणवलं की आपण सगळे मिळून एक गोष्ट ठरवू शकतो आणि ती होते.

नोंदणी नक्की कशी झाली

एकच संघटना, एक ऑफिस, एक अध्यक्ष असं काही नव्हतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो गोंधळच वाटला असता. वेगवेगळी माणसं आपापल्या जागेवरून कामाला लागली, काहींचं एकमेकांशी पटायचंही नाही.

पत्रकार लू पामर यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. शिकागो ब्लॅक युनायटेड कम्युनिटीज ही त्यांची संघटना, आणि ‘वी शॅल सी इन एटीथ्री’ ही घोषणा त्यांचीच. त्र्याऐंशीत बघूच, अशा अर्थाची. उमेदवार ठरायच्या कितीतरी आधी तारीख ठरली होती. १९८१ च्या ऑगस्टमध्ये माल्कम एक्स कॉलेजमध्ये परिषद झाली, ब्लॅक महापौर हवा यावर चर्चा झाली, मग लोकांकडूनच विचारून घेतलं की कोण हवं, त्यात वॉशिंग्टन यांचं नाव सगळ्यात वर आलं. पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजकारणाचे वर्ग चालवले, प्रेसिंक्ट म्हणजे काय, यादी कशी वाचायची, दारोदार कसं जायचं. मशीनला जे येत होतं तेच शिकवलं, फक्त मशीनसाठी नाही.

दुसरी मंडळी ‘पॉवर’ या नावाखाली एकत्र आली. पूर्ण नाव पीपल ऑर्गनाइज्ड फॉर वेल्फेअर अँड एम्प्लॉयमेंट राइट्स. सरकारी मदतीतली कपात हे त्यांच्या एकत्र येण्याचं कारण. १९८२ हे साल मंदीचं, देशात बेकारी १० टक्क्यांच्या वर गेलेली, शिकागोच्या दक्षिण टोकाचा विस्कॉन्सिन स्टीलचा कारखाना १९८० मध्येच बंद पडलेला, वर रेगन सरकारची काटछाट. त्यामुळे सरकारी मदतीच्या आणि बेकारीभत्त्याच्या ऑफिसांबाहेर लांबच लांब रांगा. पॉवरने ओळखलं की ज्यांची नावं यादीत नाहीत तीच माणसं इथे तासन् तास उभी आहेत, तर नोंदणी इथेच आणूया. यात वेस्ट साइडच्या नॅन्सी जेफरसन होत्या आणि अपटाउनचे स्लिम कोलमन होते, जे स्वतः गोरे, गरीब गोऱ्या वस्तीत काम करणारे. म्हणजे ही मोहीम ब्लॅक वस्त्यांची होती पण गरिबांच्या रांगेत उभं राहिल्यामुळे तिच्यात बाकीचेही आले, आणि पुढे एप्रिलमध्ये याचा उपयोग झाला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय हाच. रांगेतल्या माणसाला ‘लोकशाहीसाठी मत द्या’ हे सांगावं लागत नाही, त्याची मदत ज्यांनी कापली त्यांची नावं सांगितली की पुरतं. नोंदणीचं कारण आणि नोंदणीची जागा एकच झाली.

तिसरे एड गार्डनर. आधी शिकागोच्या शाळांमध्ये नोकरी, मग १९६४ मध्ये बायकोबरोबर केसांच्या प्रॉडक्टची कंपनी काढली, सॉफ्ट शीन, ती ब्लॅक शिकागोतल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. त्यांनी कंपनीचा पैसा, जाहिरातीची माणसं, डिझाइनवाले सगळे या कामाला जुंपले. ‘कम अलाइव्ह ऑक्टोबर ५’ ही त्यांची मोहीम. ५ ऑक्टोबर १९८२ हा वस्तीत नोंदणी करायचा दिवस, त्या दिवशी बाहेर पडा, जागे व्हा. रेडिओवर सतत तेच. जाहिरात ज्यांचा धंदा आहे त्यांनी केलेली असल्यामुळे तिच्यात सरकारी सूचनेचा रुक्षपणा नव्हता, गाण्यांच्या मध्ये ऐकू यायची, पोरं घोषणा म्हणत फिरायची. धंदेवाल्या माणसाने राजकीय पक्षाला देणगी देण्याऐवजी मतदार यादीवर पैसा लावला, असं क्वचित बघायला मिळतं.

आणि रेडिओ. डब्ल्यूव्हीओएन हे ब्लॅक शिकागोचं स्टेशन, फोन करून बोलायच्या कार्यक्रमांमुळे तिथे रोज एक सभा भरल्यासारखंच व्हायचं. कुठे टेबल लागलंय, कोणत्या चर्चमध्ये नोंदणी आहे, कुठल्या कॅप्टनने काय धमकी दिली, सगळं हवेवर. चर्चचंही काम मोठं, जरी सगळे पाद्री यात नव्हते, काहींचे मशीनशी जुने संबंध होते आणि ते शेवटपर्यंत कुंपणावर बसले.

आकडा किती झाला यावर वेगवेगळे हिशोब आहेत पण एक लाखाच्या वर नवीन ब्लॅक मतदार, यावर साधारण एकमत आहे. अटीच्या दुप्पट.

पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये

नोंदणी मोहिमांचं नेहमीचं दुखणं असं की फॉर्म भरले जातात आणि मतदानाच्या दिवशी तीच माणसं घरी बसतात. इथे नशिबाने आणि नियोजनाने, दोन्हीमुळे, महिन्याभरातच परीक्षा होती. २ नोव्हेंबर १९८२ ला इलिनॉयच्या गव्हर्नरची निवडणूक. रिपब्लिकन जिम थॉम्पसन आरामात येणार असं सगळे सर्व्हे सांगत होते, आणि ते आले फक्त ५,०७४ मतांनी, राज्यभरात ३५ लाखांवर मतं पडलेली असताना. शिकागोच्या ब्लॅक वॉर्डांमधून त्यांच्याविरुद्ध मतांचा जो लोंढा आला तो सर्व्हेवाल्यांना दिसलाच नव्हता, कारण ती माणसं त्यांच्या हिशोबातच नव्हती. डेमोक्रॅटिक उमेदवार अडलाई स्टीव्हन्सन हरले, पण वॉशिंग्टन यांना हवं होतं ते उत्तर मिळालं, नवी नावं मतदानाला येतात. १० नोव्हेंबरला हाइड पार्कमधल्या हॉटेलात त्यांनी उमेदवारी जाहीर केली.

पुढचं मी भराभर सांगतो कारण ते बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. प्रायमरीत समोर जेन बर्न आणि जुन्या डेलींचा मुलगा रिचर्ड एम. डेली. वॉशिंग्टन यांच्याकडे पैसा सगळ्यात कमी, पण जानेवारीत टीव्हीवर वादविवाद झाले त्यात ते सरस ठरले, आणि निळ्या रंगाचा, उगवत्या सूर्यासारख्या किरणांचा बिल्ला शहरभर लोकांच्या कोटावर दिसायला लागला. प्रचाराची सूत्रं सांभाळायला अल रेबी आले, म्हणजे तेच जे १९६६ मध्ये किंग यांच्याबरोबर मोर्चे काढत होते. २२ फेब्रुवारी १९८३ ला वॉशिंग्टन यांना साधारण ३६ टक्के, बर्न यांना ३४ च्या आसपास, डेलींना ३० च्या आसपास. गोरी मतं दोघांत विभागली म्हणून जिंकले असं म्हणतात, ते खरंच आहे, पण समोरची मतं फुटलेली असताना आपली एकगठ्ठा पडावी लागतात आणि मुळात असावी लागतात.

मग शहराने आपला चेहरा दाखवला. शिकागोत डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की महापौर झालाच असं समजायचे, १९२७ नंतर रिपब्लिकन कधी आला नव्हता. आता मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचेच कित्येक वॉर्ड प्रमुख रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्यामागे गेले. एप्टन यांच्या जाहिरातीत वाक्य होतं, ‘बिफोर इट्स टू लेट’, फार उशीर होण्याआधी. कशाला उशीर, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वॉशिंग्टन नॉर्थवेस्ट साइडच्या एका चर्चमध्ये माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांच्याबरोबर गेले तर बाहेर जमाव शिव्या देत उभा.

१२ एप्रिलला नोंदलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांनी मत दिलं. वॉशिंग्टन ६,६८,१७६, एप्टन ६,१९,९२६. फरक ४८,२५० चा. नवी ब्लॅक नावं लाखाच्या वर आणि विजयाचा फरक त्याच्या निम्म्याहून कमी, हे दोन आकडे शेजारी ठेवले की अट का घातली होती ते कळतं. अर्थात नुसत्या ब्लॅक मतांवर हे झालेलं नाही, लॅटिनो मतदारांनी मोठ्या प्रमाणावर साथ दिली आणि लेकफ्रंटच्या, म्हणजे तळ्याकाठच्या वस्त्यांमधल्या, काही गोऱ्या मतदारांनीही, त्यांच्याशिवाय ४८ हजारांचा फरक राहिला नसता.

नंतर काय झालं

महापौर झाले आणि नगरपरिषदेत ५० पैकी २९ नगरसेवक विरोधात एकवटले, नेता एडवर्ड व्ह्रडोल्याक. नेमणुका अडवल्या, ठराव अडवले, तीन वर्षं. ही कोंडीही शेवटी मतदारांनीच फोडली, पण कोर्टाच्या वाटेने. बर्न यांच्या काळात वॉर्डांच्या हद्दी अशा आखल्या होत्या की ब्लॅक आणि लॅटिनो मतं विखुरली जावीत. १९८२ मध्ये व्होटिंग राइट्स ॲक्टला, म्हणजे मतदानातला वंशभेद रोखणाऱ्या कायद्याला, मुदतवाढ मिळाली आणि तो जास्त धारदार झाला, त्या कामात काँग्रेसमन म्हणून वॉशिंग्टन स्वतः होते, आणि त्याच कायद्याच्या जोरावर शिकागोचा नकाशा कोर्टात आव्हान देऊन बदलून घेतला. १९८६ मध्ये सात वॉर्डांत पुन्हा निवडणुका झाल्या, बलाबल २५-२५ झालं आणि महापौरांचं मत निर्णायक ठरलं. १९८७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑफिसात टेबलाशीच हार्ट अटॅकने गेले.

आणि आघाडी फुटली, आठवडाभरात. परिषदेने रात्रभर बैठक चालवून युजीन सॉयर यांना महापौर केलं, तेही ब्लॅक नगरसेवकच, पण त्यांना निवडलं मुख्यतः वॉशिंग्टनविरोधी गटाच्या मतांनी, तर चळवळीतल्या लोकांना टिमथी इव्हान्स हवे होते. १९८९ मध्ये या दोन गटांत मतं आणि उत्साह दोन्ही वाटले गेले, रिचर्ड एम. डेली निवडून आले ते २०११ पर्यंत राहिले. २२ वर्षं. मला या प्रकरणातली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट हीच वाटते, कारण १९८२ ची बांधणी माणसाच्या आधी झाली होती, तिला माणसानंतर टिकायला हवं होतं. पण पाच वर्षांत सगळे वॉशिंग्टन यांच्याभोवती गोळा झाले, कार्यकर्ते प्रशासनात गेले, वस्तीतले वर्ग आणि टेबलं मागे पडली, पुढचा कोण याची तयारीच कुणी केली नाही.

नोंदणीची रीत मात्र शहरात राहिली. १९९२ मध्ये प्रोजेक्ट व्होट या मतदार नोंदणी करणाऱ्या संस्थेची इलिनॉयमधली मोहीम चालवायला एक तिशीतला वकील आला, बराक ओबामा. त्यानेही वस्तीतल्याच लोकांना डेप्युटी रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणी करून घ्यायचा अधिकार असलेले, म्हणून तयार केलं, ब्लॅक रेडिओवर ‘इट्स अ पॉवर थिंग’ ही घोषणा वाजवली, सुमारे दीड लाख नवी नावं आली आणि त्या वर्षी कॅरल मोझली ब्राउन सिनेटवर जाणाऱ्या पहिल्या ब्लॅक महिला ठरल्या. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यावर सही केली, त्यानुसार ड्रायव्हिंग लायसन्सच्या आणि सरकारी मदतीच्या ऑफिसांत नोंदणीची सोय देणं राज्यांना बंधनकारक झालं. पॉवरवाले ज्यासाठी रांगांपाशी उभे राहिले होते ते आता कायद्यात आलं.

आज इलिनॉयमध्ये नाव यादीत येणं १९८२ च्या मानाने फारच सोपं आहे. तरी २०१९ च्या महापौरपदाच्या अंतिम फेरीत, दोन्ही उमेदवार ब्लॅक महिला असताना, मतदान झालं एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून आजच्या मोहिमांना पैसे देणाऱ्या संस्था जेव्हा फक्त किती फॉर्म भरले एवढंच विचारतात तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. शिकागोच्या लोकांनी ५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या चार आठवड्यांत नोंदवलेला माणूस मतदानकेंद्रापर्यंत नेला, आणि वॉशिंग्टन यांनी हो म्हटलं ते २ नोव्हेंबरचा निकाल बघून. त्या चार आठवड्यांसाठी लागणारी दारोदारची माणसं तयार करणारे वर्ग पामर यांनी आधीच्या काळात चालवले होते, जेव्हा उमेदवारही नव्हता. मी पैसे कुठे लावायचे ते ठरवणार असेन तर आधी त्या वर्गांवर लावेन.